दोन बोटं आवळलेलं छप्पर

हिरकणीला गाडी लागते, हे तलासरी नाक्यावर कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. आता गाडी काय, पुष्कळांना लागते. पण ही बाई गेली सत्तावीस वर्षं याच नाक्यावर गाड्यांची छपरं शिवते आहे! रिक्षाचे हूड, जीपचे टप, टेम्पोच्या ताडपत्र्या, एकदा तर बँडवाल्यांच्या गाडीला झालरीसकट छत. तलासरी-डहाणू रस्त्यावर धावणाऱ्या निम्म्या रिक्षांच्या डोक्यावरून हिरकणीचा हात फिरलेला आहे, आणि त्यातल्या एकीतही ती दहा मिनिटांवर धड बसलेली नाही. अकराव्या मिनिटाला काळी पिशवी बाहेर निघते.

बरं, नवरा कोण? तर देवजी, शेअर व्हॅनचा ड्रायव्हर. घ्या! दिवसाला आठ फेऱ्या मारणारा माणूस, आणि बायको त्याच्या गाडीचं नुसतं दार उघडलं तरी पांढरी पडते. लग्नाच्या वरातीत तिने देवजीच्या नव्याकोऱ्या बुटांवर जे काय केलं, ते देवजी आजही पाहुण्यांना रंगवून सांगतो. हिरकणी आतून ओरडते, "अहो, पुरे की आता, बूट तरी राहिलेत का तुमचे ते?"

उपाय काय थोडे झाले? लिंबू हुंगून झालं, ओवा चावून झाला, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. रिक्षात ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बसावं लागतं म्हणून लागते. व्हॅनमध्ये पुढे बसवलं तर वरचा पत्रा खाली खाली येतोय असं वाटतं. टेम्पोच्या मागे उभी राहिली, तर धूर आणि धुरळा. राहता राहिली मोटारसायकल. तिच्यावर तिने भाच्याला मागून अशी काही मिठी मारली की त्याला श्वास घेता येईना आणि दोघं गाडीसकट कालव्यात उतरली. तेव्हापासून तिचा डावा गुडघा कुरकुरतो. म्हणून हिरकणी आपली चालत जाते. जिथे चालत जाता येत नाही, तिथे तिच्याऐवजी देवजी जातो आणि आल्यावर तिला सगळं सांगतो.

हे असंच आयुष्यभर चाललंही असतं. पण त्यांची एकुलती एक मयूरी चिखल्याच्या नविनच्या प्रेमात पडली आणि सगळं अंगाशी आलं.

नविन गुणी मुलगा. घरची भाजीची वाडी, समुद्राला लागून घर, वडील नाहीत, सगळा कारभार आई सुषमाबाईंच्या हातात. नोव्हेंबरात हिरकणी आणि देवजी घर बघायला गेले. तलासरीहून झरी, झरीहून बोर्डी, घोलवड आणि मग चिखले. हिरकणीने वाटेत चार वेळा व्हॅन थांबवली, पाचव्या वेळी थांबवायची राहून गेली आणि सुषमाबाईंच्या अंगणात उतरल्या उतरल्या, नमस्कार करायच्या आधी, ती त्यांच्या अबोलीच्या वाफ्यावर वाकली. पुढचं सांगायला नको. सुषमाबाईंनी तांब्याभर पाणी दिलं, पण त्यांचं तोंड मात्र आंबट झालं. जाताना देवजीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मयूरीच्या आईंना काही दुखणं असलं तर आत्ताच सांगा. असल्या गोष्टी पोरीत उतरतात. पुढच्या वेळी येतील तेव्हा बघू."

पुढची वेळ म्हणजे हळद. त्यांच्यात अशी रीत, की लग्नाची तारीख काढण्याआधी मुलीच्या आईने घरी कुटलेली हळद स्वतः नेऊन मुलाच्या आईच्या हातात द्यायची. दुसऱ्या कुणी नेलेली चालत नाही. आईने द्यायची, उभ्याने द्यायची, हसऱ्या तोंडाने द्यायची. जानेवारीतला रविवार ठरला. मयूरी रोज संध्याकाळी डहाणूच्या दवाखान्यातली ड्युटी संपवून आली की आईकडे असं बघायची, की हिरकणीला मशीनवर सुईत दोरा ओवता येईना. या वेळी पुन्हा तसंच झालं तर सुषमाबाई नाही म्हणणार, हे घरात तिघांनाही कळून चुकलं होतं.

आणि त्या रविवाराआधीच्या बुधवारी सकाळी, हिरकणीच्या गाळ्यासमोर एक लाल गाडी येऊन उभी राहिली.

गाडी कसली, घसरगुंडीच! गुडघ्याएवढी उंच, पुढे हे लांबलचक नाक, आत दोनच सीटा. नाक्यावरचे रिक्षावाले चहाचे ग्लास हातात घेऊन गोळा झाले. आतून उतरला घोलवडचा दीपेश. त्याच्या घरची चिकूची मोठी वाडी, आणि तो घरातला एकमेव माणूस ज्याला चिकू आवडत नाहीत. त्याला गाड्या आवडतात. मुंबईच्या कुणाकडून तरी ही जुनी स्पोर्ट्स कार त्याने घेतली होती, उघडबंद छपराची. आठ दिवस मिरवली. नवव्या दिवशी झाडाखाली उभी असताना वरून चिकू काढायची जाळीवाली काठी पात्यासकट सुटली आणि कापडी छपराला इकडून तिकडे चिरत गेली.

"मावशी, सगळे म्हणाले तलासरीला हिरकणीमावशीकडे जा," दीपेश म्हणाला. "दोन महिने झाले हो. बाबा रोज विचारतात, डोक्यावर छप्पर नसलेली गाडी घेऊन तू नक्की काय मिळवलंस?"

हिरकणीने फाटलेलं कापड दोन बोटांत धरून चुरगळलं, हुंगलं, सोडलं. "कंपनीवाले काय बोलले?"

"ऑप्शन दिलेत की! भरपूर ऑप्शन!" असं म्हणून त्याने मोबाइल काढला आणि स्टुलावर बसून तिला एकेक चित्र दाखवायला लागला. आता खरं सांगायचं तर हिरकणीला कुणी कधी ऑप्शन दाखवले नव्हते. रिक्षावाले येतात, काळं की पिवळं एवढंच विचारतात आणि विड्या ओढत बसतात. ती चष्मा लावून सरसावली.

"हे बघा, हे कडक टोपण. फायबरचं. वरून बसवायचं, नको तेव्हा काढून घरी ठेवायचं."

"घरी कुठे? माळ्यावर? आणि वाटेत ऊन लागलं तर घरी परत जायचं टोपण आणायला?"

"बरं, हे दुसरं. पत्र्याचं. बटण दाबलं की त्याच्या तीन घड्या होतात आणि मागे डिकीत जाऊन बसतं."

"अगं बाई! मग डिकीत सामान कुठे ठेवायचं?"

"सामान कोण नेतं मावशी या गाडीतून?"

"मग गाडी घेतली कशाला?"

रिक्षावाले खो खो हसले. दीपेशने घाईघाईने तिसरं चित्र काढलं. यात फक्त डोक्यावरचा मधला तुकडा निघतो, मागची काच आणि कमान तशीच राहते.

"म्हणजे अर्धवट," हिरकणी म्हणाली. "न्हायला बसायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. पुढे?"

"हे अख्खं काचेचं."

"काचेचं! मे महिन्यात आत पापड घालून ठेव, वाळतील."

"आणि हे शेवटचं. माझ्या गाडीचं खरं, कापडी. पण परदेशातून यायला सहा महिने."

हिरकणीने चष्मा काढला. गाडीभोवती एक फेरी मारली, सांगाड्याच्या दांड्या हाताने हलवून पाहिल्या, शिवण कुठून कुठे जाते ते बोटाने चाचपलं. तिचा चेहरा फुलायला लागला होता. सत्तावीस वर्षं तेच ते रिक्षाचे हूड शिवणाऱ्या बाईसमोर असं बाकदार, नखरेल छप्पर आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं.

"वापीहून चांगलं जाड कॅनव्हास घेऊन ये," ती म्हणाली. "सहा महिने कशाला, शनिवारी ने."

दीपेशने तिच्या पायांनाच हात लावला. नाक्यावर लावतात का कुणी असं? पण तो होताच तसा उतावळा.

गुरुवारी त्याने कापड आणलं. हिरकणीने जुनं छप्पर उसवून काढलं, उघडा सांगाडा वितीने मोजला आणि मग अडली. रिक्षाचा सांगाडा जागचा हलत नाही, हा दुमडतो. गाडी खड्ड्यातून जाताना दांड्या कुठे ताणतात आणि कुठे सैल पडतात ते आत बसून पाहिल्याशिवाय कापड कापणं बरोबर नव्हतं. दीपेश म्हणाला, "मग बसा की मावशी, अच्छाडच्या नाक्यापर्यंत जाऊन येऊ." हिरकणीने कपाळावर हात मारला. पण काम ते काम. तिने काळी पिशवी मुठीत घेतली, लिंबू नाकाशी धरलं, डोळे गच्च मिटले आणि बसली. रिक्षावाल्यांनी लगेच पैज लावली, पेट्रोल पंपापर्यंत की त्याच्याही आधी.

गाडी हायवेला लागली. हिरकणी मनातल्या मनात मोजत होती, एक मिनिट, दोन मिनिटं. वारा तिच्या कानात शिरत होता, पदर गळ्याभोवती फडफडत होता. सात मिनिटं, आठ. अकरावं मिनिट आलं. बारावं आलं. तिने एक डोळा उघडला. वर निळं आभाळ, मध्ये काही नाही. एक घार चाललेली, तीही दिसली. तिने दुसरा डोळा उघडला. पुढे सरळ रस्ता, बाजूला ताडाची झाडं मागे पळताहेत. पोट? पोट गपगार.

"दीपेश!" ती ओरडली.

त्याने घाबरून ब्रेक दाबला. "थांबवू? पिशवी?"

"थांबवतोस कशाला मेल्या! पळव!"

आणि मग तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. पिशवी उडून गेली, लिंबू गुजरातच्या दिशेने गेलं. तिने दोन्ही हात वर केले, वर काही लागतं का बघितलं, नाही लागलं. म्हणून पुन्हा केले. बावन्न वर्षांची बाई, हायवेवर हात वर करून, "अगं आई गं, अगं आई गं" करत चाललेली! अच्छाडला वळसा घेतल्यावर तिने सांगाडा पाहायचा होता हे आठवलं, म्हणून आणखी एक फेरी मारावी लागली. नाक्यावर परतली तेव्हा पैजा लावलेल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

खाली उतरून तिने दीपेशचा हात धरला. गुडघा कुरकुरत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. "रविवारी मला चिखल्याला सोडशील? छप्पर उघडं ठेवून?"

"माझ्या घराच्या जरा पुढेच आहे, मावशी. चिखल्याच्या पुढे हवं तर चंद्रावर सोडतो."

त्या संध्याकाळी मयूरीने आईला गाळ्यात गाणं गुणगुणताना ऐकलं आणि तिला रडूच आलं. देवजी मात्र जरा खट्टू झाला. "पंचवीस वर्षं मी तुला फिरवायला बघतोय," तो म्हणाला, "आणि दोन फेऱ्यांत त्या चिकूवाल्याने बाजी मारली."

"अहो, त्याने नाही मारली," हिरकणी म्हणाली. "त्याच्या आभाळाने मारली."

शुक्रवार, शनिवार हिरकणीने दुसऱ्या कुठल्या कामाला हात लावला नाही. असं छप्पर तिने जन्मात शिवलं नव्हतं. दुहेरी शिवण, टाक्याला टाका लागून, कोपऱ्यात आतून चामड्याची पट्टी. आणि कापताना तिने तेच केलं जे ती सत्तावीस वर्षं करत आली आहे. कापड दोन बोटं कमी घेतलं. रिक्षाचा हूड असाच कापायचा असतो, दोन बोटं आवळून, मग उन्हात ताणून सांगाड्यावर चढवायचा. नाहीतर खारट वाऱ्याने महिन्याभरात लोंबतो आणि रिक्षावाला गाळ्यावर येऊन बोंब मारतो. हिरकणीचा हूड लोंबत नाही, ही तिची ख्याती. आजवर एकानेही तक्रार केलेली नाही.

शनिवारी दुपारी छप्पर चढलं. दीपेशने बटण दाबलं, सांगाडा पुढे आला आणि समोरच्या काचेवर टक करून बसला. सुरकुती म्हणाल तर नावाला नाही. हिरकणीने वरून टिचकी मारली, ढोलकीसारखा आवाज आला. रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दीपेश उघडून बघायला निघाला, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली. "कडा चिकटवलेलं सोल्यूशन सुकू दे. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

रविवारी सकाळी थंडी होती. हिरकणीने अबोली रंगाचं लुगडं नेसलं. वाफ्याची भरपाई म्हणून, असं ती मयूरीला म्हणाली. हळदीची पितळी थाळी रुमालाने झाकून मांडीवर घेतली आणि ती दीपेशच्या शेजारच्या सीटवर राणीसारखी बसली. मागे देवजीची व्हॅन, त्यात सात नातेवाईक. त्यातले निम्मे हळदीला आले होते, निम्मे हिरकणीचं काय होतं ते बघायला. मयूरी दारात उभी राहून हात हलवत होती, कारण रितीप्रमाणे मुलीने यायचं नसतं.

"उघड," हिरकणी म्हणाली.

दीपेशने बटण दाबलं. आत मोटर घूं घूं करून कण्हली. छप्पर ढिम्म हललं नाही. त्याने पुन्हा दाबलं, वरून बुक्की मारली, खालून खांदा लावला. रात्रभर थंडीत सोल्यूशन सुकलं, कापड आणखी आवळलं आणि पुढचे आकडे काचेच्या पट्टीत असे रुतून बसले की सुटायचं नाव नाही. हिरकणीने कापडावर हात ठेवला आणि तिला सगळं कळलं. रिक्षाचं छप्पर उघडायचं नसतं. याचं उघडायचं होतं. दोन बोटं!

"मावशी, काचा खाली करतो," दीपेश म्हणाला. "अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे."

दुसरा उपाय तरी काय होता? निघाले. हिरकणीने डोकं खिडकीबाहेर काढलं. पण ते छप्पर तिचंच होतं, त्यात तिच्याच सोल्यूशनचा वास होता आणि ते तिच्या कपाळापासून चार बोटांवर होतं. आठव्या मिनिटाला तिचे कान गरम झाले. दहाव्याला मळमळायला लागलं. झरी आलं आणि तिने डॅशबोर्डवर थाप मारली.

गाडी वडाखाली थांबली. ती उतरली, कमरेवर हात ठेवून दहा श्वास घेतले. मागून व्हॅन आली, सातही नातेवाईक उतरले आणि रांगेत उभे राहिले. देवजीने तिच्या हातातली थाळी घेतली.

हिरकणी त्या छपराकडे बघत राहिली. काय सुंदर झालं होतं! एवढं सरळ हाताचं काम तिच्याकडून पुन्हा कधी होईल असं तिला वाटत नव्हतं. आणि पुढे सुषमाबाईंच्या दारात त्या अबोलीच्या वाफ्यापाशी पुन्हा वाकायचं, आणि मयूरीने ते फोनवर ऐकायचं. तिने पाकिटातून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलं. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पाकिटात ते असतंच.

"दीपेश, छप्पर तुझं आहे," ती म्हणाली. "मी परत शिवीन. वर्षभर लागलं तरी शिवीन. तू नको म्हणालास तर मी इथून चालत जाते."

दीपेश छपराकडे बघत राहिला. दोन महिने वाट पाहिली होती बिचाऱ्याने आणि पुरता एक दिवसही ते नीट मिरवून झालं नव्हतं. मग तो एकदम हसला आणि म्हणाला, "मावशी, ऑप्शन एवढे पाहिले आपण, हा एकच राहिला होता."

आणि हिरकणीने ब्लेड लावलं. पुढची पट्टी उसवली, डावी बाजू उसवली, उजवी उसवली. स्वतःचे टाके स्वतः उसवताना माणसाला काय होतं ते शिवणाऱ्यालाच माहीत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात भराभरा चालत होते. नातेवाईकांतल्या दोघींनी कापड धरलं, एकाने दोरे वेचले. शेवटचा टाका सुटला, दीपेशने बटण दाबलं, तसे आकडे टक्कन उघडले, मोटर आनंदाने घुरघुरली आणि उघडा सांगाडा घड्या होऊन मागे जाऊन बसला. वडाच्या पानांतून ऊन थेट सीटवर पडलं. सातही जण ओरडले. देवजी तर एवढ्या जोराने ओरडला की वडावरचे कावळे उडाले.

मग काय विचारता! बोर्डीला समुद्र दिसला, घोलवडला दीपेशचे बाबा वाडीच्या फाटकात उभे होते, त्यांनी बिनछपराची गाडी पाहून दोन्ही हात डोक्याला लावले, आणि हिरकणीने त्यांना चालत्या गाडीतून वाकून नमस्कार केला. मागे देवजी वेड्यासारखा हॉर्न वाजवत येत होता.

चिखल्याला सुषमाबाई ओट्यावर उभ्याच होत्या. गाडी अंगणात शिरली. हिरकणीचे केस केरसुणीसारखे उभे, डोळे वाऱ्याने लाल, पदर एका कानात अडकलेला. ती उतरली, अबोलीच्या वाफ्याला वळसा घालून सरळ चालत गेली आणि उभ्याने, हसऱ्या तोंडाने, थाळी पुढे केली. सुषमाबाईंनी हळद घेतली. पण त्यांचं लक्ष हळदीत नव्हतंच. त्या गाडीकडे बघत होत्या.

"टप कुठाय हिचा?"

"उसवला. वाटेत."

"का?"

हिरकणीने एकदा देवजीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला गाडी लागते, बाई. दुखणं नाही, काही नाही. डोक्यावर छप्पर आलं की लागते. उघडी असली की नाही लागत. हे मला गुरुवारीच कळलं."

सुषमाबाईंनी नातेवाईकांना आत बसायला सांगितलं, नविनला पाणी द्यायला पाठवलं, देवजीला खुर्ची दाखवली. अंगण रिकामं झाल्यावर त्या हिरकणीच्या अगदी जवळ आल्या आणि हळदीने माखलेल्या बोटांनी गाडीचं दार चाचपत हलक्या आवाजात म्हणाल्या, "उघडी असली की... अजिबात नाही लागत?"

"अजिबात नाही."

"शपथ?"

"मयूरीची."

सुषमाबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. "माझं माहेर चिंचणीचं," त्या म्हणाल्या. "डहाणू ओलांडलं की आलंच. मी अकरा वर्षांत गेले नाही. लोकांना सांगते, वाडी सोडून येता येत नाही." त्यांनी मान वाफ्याकडे वळवली. "त्या दिवशी तुम्हाला वाफ्यापाशी पाहिलं ना, मला मीच दिसले. मग मला रागच आला."

हिरकणीने गाडीचं दार उघडलं, सीटवरचं उसवलेलं कापड काढून आपल्या खांद्यावर टाकलं आणि सुषमाबाईंना दंडाला धरून आत बसवलं. "दीपेश, चिंचणी."

"अहो, पण पाहुणे..." सुषमाबाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी पदर खोचून घेतला. गाडी सुरू झाली. फाटकापाशी त्या वळून ओरडल्या, "विहीणबाई! चहा तुम्हीच टाका! डबे वरच्या फळीवर आहेत!"

नोव्हेंबरपासून आतापर्यंत त्यांनी तिला मयूरीच्या आई याच्यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. लाल गाडी सुरूच्या झाडांआड गेली, आणि बऱ्याच वेळाने तिकडून "अगं आई गं" असा एक लांबलचक आवाज आला.

हिरकणीने परक्या स्वयंपाकघरात साखर शोधली, आधण ठेवलं आणि चुलीपाशी बसून ते कापड मांडीवर पसरलं. पुढच्या कडेला चापाची बटणं लावायची, टेम्पोच्या ताडपत्रीला लावतात तशी, म्हणजे उसवायला नको. आणि दोन बोटं सैल घ्यायची. ती वितीने मोजत असतानाच फोन वाजला. मयूरी होती.

"आई, पोचलीस? लागली का गाडी? त्या काय म्हणाल्या?"

"त्या घरी नाहीत."

"नाहीत म्हणजे? हळद नाही घेतली? कुठे गेल्या?"

"माहेरी गेल्यात," हिरकणी म्हणाली आणि तिला पुन्हा हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "येतील परत, मग तारीख काढू. तू आता फोन ठेव बरं, तुझ्या घरात चहा उतू चाललाय."